वकिलाचे बिल आणि अशिलाचा हक्क



ज्यांनी खेड्यातल्या शाळेत गुरुजी म्हणून काही वर्षे काढली आहेत, त्यांना हा प्रसंग नवा वाटणार नाही. शाळा सुटलेली असते. दिवस कलतो. एखादा कास्तकार हळूच ओट्यावर येऊन टेकतो, बंडीच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढतो आणि म्हणतो, "गुर्जी, हे काय लिवलं हाये, जरा वाचून सांगा बरं." कागद उलगडावा तर तो तालुक्याच्या वकिलाचा. वर दाव्याचा नंबर, खाली रकमांची उतरंड आणि शेवटी एक असा आकडा, की तो वाचताना गुरुजींचाही आवाज खाली येतो.

माझ्या लहानपणी आमच्या थोरल्या काकांवर ही पाळी आली होती. गाव मंगरूळपीरच्या बाजूचे. सामाईक विहिरीच्या पाण्यावरून भाऊबंदकीत कज्जा लागला, तो तीन-चार वर्षे चालला आणि अखेर काकांसारखा निकाल लागला. घरात पुरणपोळी झाली. पुढच्याच महिन्यात वकिलाचा कागद आला आणि पुरणाची चव गेली. गुरुजींनी काकांना विचारले, "पाटील, फी ठरली होती का?" काका म्हणाले, "ठरली म्हंजे काय गुर्जी, साहेब म्हणले, तुमी कायले चिंता करता, मंग पाहू."

श्रोतेहो, "मंग पाहू" हे दोन शब्द वऱ्हाडातल्या कितीतरी घरांना महाग पडले आहेत. वकिलाच्या मनात कपट असते असे नाही, आणि अशील भोळाच असतो असेही नाही. पण पहिल्या दिवशी जे बोलायचे ते बोलले जात नाही, शेवटच्या दिवशी ते बोलण्याची वेळ येते, आणि तेव्हा दोघांच्याही तोंडी कडू शब्द येतात. आज आपण या बिलाचाच थोडा इतिहास पाहणार आहोत. फी कोण ठरवी, ती कशी वाढत गेली, आणि ती पटली नाही तर अशिलाला बोलायचा हक्क केव्हापासून व किती आहे, असा हा विषय आहे.

पहिल्याने एक गैरसमज दूर करू. जुन्या काळी न्याय फुकट मिळत होता, कोर्टे आली आणि खर्च आला, असे आपण पुष्कळदा ऐकतो. ते अर्धेच खरे आहे. मराठेशाहीत गावचा तंटा गोतसभेपुढे जाई. पाटील, कुळकर्णी, देशमुख, देशपांडे, बारा बलुतेदार बसत; साक्षी होत; आणि जो निवाडा होई त्याचा महजर लिहून त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या पडत. कोणाची निशाणी नांगराची, कोणाची कट्यारीची. त्या सभेत आजच्यासारखा वकील नव्हता; ज्याचा तंटा त्याने स्वतः बोलायचे. पण खर्च होताच. जो जिंकला त्याने सरकारला 'हरकी' द्यायची. जो हरला त्याने 'गुन्हेगारी' भरायची. बोलावणे घेऊन जो प्यादा येई त्याचा 'मसाला' ज्याच्याकडे तो आला त्याच्याच माथी बसे. तेव्हा न्यायाच्या दारात पैसा मोजावा लागणे ही काही साहेबाने आणलेली गोष्ट नव्हे. फरक इतकाच, की हरकी आणि गुन्हेगारी चारचौघांत ठरे. रक्कम जड असली तरी ती सगळ्या गावाला ठाऊक असे. वकिलाची फी मात्र बंद खोलीत ठरू लागली, आणि पुष्कळदा ठरलीच नाही.

आता आपल्या भागाकडे वळू. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. नाव निजामाचे, कारभार कंपनी सरकारचा. पुढे वाशीमचा स्वतंत्र जिल्हा झाला. साहेबांच्या कागदात त्याचे नाव 'बासीम' असे पडले. १९०२ साली वऱ्हाडाचा कायमचा पट्टा इंग्रजांनी घेतला, १९०३ साली ते मध्यप्रांताला जोडले आणि १९०५ साली बासीम जिल्हाच मोडला. वाशीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याकडे गेले, पुसद यवतमाळकडे गेला. आपला जिल्हा पुन्हा उभा राहिला तो थेट १९९८ च्या १ जुलैला. म्हणजे त्र्याण्णव वर्षे इथल्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी अकोल्याची वाट धरावी लागली.

या वाटेचा आणि बिलाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. शिरपूरचे उदाहरण घ्या. मालेगाव तालुक्यातील शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी भाविकांची श्रद्धा. जैनांचे दिगंबर आणि श्वेतांबर असे दोन्ही पंथ तिथे पूजेला येतात. पूजेच्या वेळा कोणी कशा पाळायच्या याचे एक वेळापत्रक १९०५ साली दोघांनी मिळून केले होते. पुढे मतभेद झाले आणि १९१० साली दावा दाखल झाला, तो अकोल्यास. कारण वाशीमचा जिल्हा तेव्हा उरलाच नव्हता. त्याचा निकाल १९१८ साली लागला. अपील नागपूरला ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टात गेले. तिथला निकाल १९२३ चा. तिथूनही अपील झाले ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात, आणि तो निकाल लागला १९२९ च्या जुलैत. एकोणीस वर्षे! पुढेही तंटा निवळला नाही. १९८१ सालापासून मंदिर बंद राहिले आणि सुप्रीम कोर्टाच्या हुकमानंतर २०२३ च्या मार्चमध्ये ते दर्शनासाठी उघडले. कोणता पक्ष बरोबर, हा आपला आजचा विषय नाही. आपण फक्त वाट मोजू. शिरपूर ते अकोला, अकोला ते नागपूर, नागपूर ते लंडन. प्रत्येक मुक्कामाला वकील नवा, कागद नवे, नकला नव्या. लंडनच्या अपिलासाठी सगळे दप्तर इंग्रजीत करून छापावे लागे. तिथे कागदपत्रांचे काम सॉलिसिटराकडे आणि बोलण्याचे काम बॅरिस्टराकडे, म्हणजे दोन माणसांच्या दोन फिया. कज्जा जितका दूर जाईल तितके बिल लांबते.

लंडनच्या खर्चाचा चटका साऱ्या महाराष्ट्राला बसला तो १९१९ साली. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज लेखकाने आपल्या ग्रंथात लोकमान्य टिळकांवर आरोप केले, म्हणून टिळकांनी त्याच्यावर लंडनच्या कोर्टात अब्रूनुकसानीचा दावा लावला. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन. दोघेही विलायतेतले नामांकित बॅरिस्टर. फेब्रुवारी १९१९ मध्ये टिळक दावा हरले. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा हा तिथला रिवाज. तेव्हा स्वतःच्या वकिलांबरोबर समोरच्याच्या वकिलांचेही ओझे अंगावर आले. रक्कम लाखांच्या घरात गेली आणि लोकांनी निधी जमवून तो भार हलका केला. टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर, वकिलीचा वर्ग चालवलेले गृहस्थ. त्यांची ही गत, तर तुमच्या-आमच्यासारख्याने आकडा पाहून घाबरावे यात नवल काय! पण टिळकांमागे देश उभा होता. विहिरीच्या कज्ज्यातल्या माणसामागे बैलजोडी असते आणि सावकार असतो.

हा रिवाज आपल्याकडेही आहे. हुकूमनाम्याच्या शेवटी 'खर्चासह' असा शब्द असतो. खर्चासह दावा जिंकला म्हणजे आपल्या वकिलाची सगळी फी समोरचा देतो, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. कोर्ट फीचा जो आकडा हुकूमनाम्यात धरते तो ठरीव दराने धरते. आपण वकिलाला खरोखर दिलेली रक्कम त्याहून जास्त असेल तर वरची रक्कम आपल्याच पदरची.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. फी ठरवायची कोणी?

याचे उत्तर काळाप्रमाणे बदलत गेले. कंपनीच्या आरंभीच्या अमलात वकिलाची सनद सरकार देई आणि त्याच्या फीचे दरही सरकारच बांधून देई. १८४६ च्या पहिल्या कायद्याने हे बंधन सैल केले. वकिलीचा धंदा कोणत्याही धर्माच्या वा जातीच्या लायक माणसाला खुला झाला, आणि अशिलाने वकिलाशी खाजगी कराराने फी ठरवावी अशी मुभा मिळाली. मुभा चांगलीच, पण ती दोघांना सारखी उपयोगी पडली नाही. एकीकडे कायद्याचा जाणता, दुसरीकडे अंगठा उठवणारा. यांच्यात करार व्हायचा म्हणजे मापारी आणि माल एकाच्याच हाती.

याचा परिणाम दख्खनमध्ये लौकर दिसला. कर्ज, व्याज, एकतर्फी हुकूमनामे आणि जप्ती यांनी पिचलेली कुणबी मंडळी १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात उठली आणि सावकारांच्या वह्या-रोखे जाळले गेले. चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता तो होता. त्यात एक कलम मोठे विचार करण्याजोगे आहे. या कायद्याखालच्या शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यात, काही अपवाद सोडून, वकील उभाच करायचा नाही! तंटा लहान, आणि तो सोडवण्याचा खर्च तंट्याहून मोठा, असे होऊ नये हा त्यातला हेतू. याच सुमारास महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, १८८३ साली. कचेऱ्या, कोर्टे, कारकून आणि वकील यांच्या फेऱ्यात शेतकरी कसा भरडतो हे त्यांनी त्यात परखडपणे मांडले आहे.

त्याच १८७९ साली दुसरा एक कायदा झाला, तो वकिलांसंबंधीचा. शेजारच्या मध्यप्रांताला तो पहिल्यापासून लागू होता. आपल्या आजच्या विषयात हा कायदा म्हणजे मैलाचा दगड आहे. वकील आणि अशील यांच्यात फीचा जो करार होईल तो लेखी हवा. त्यावर अशिलाची सही हवी. आणि तो पंधरा दिवसांच्या आत कोर्टात दाखल हवा. यातले काही चुकले तर तो करार चालायचा नाही. आणि करार लेखी असला तरी तो अन्यायाचा आहे असे कोर्टाला दिसले, तर कोर्ट रक्कम कमी करू शकेल किंवा करारच रद्द करील. पाहा श्रोतेहो, हे १८७९ साल आहे. वकिलाच्या आकड्यावर हरकत घेणे हा उद्धटपणा नव्हे, ती अशिलाची न्याय्य मागणी आहे, हे सरकारने तेव्हाच मान्य केले होते.

हे बंधन फार काळ राहिले नाही. १९२६ साली वकिलांच्या फीचा नवा कायदा झाला. त्याने म्हटले, की वकिलाने अशिलाशी खाजगीत फी ठरवावी; ठरलेली फी मिळाली नाही तर त्याला दावा लावता येईल; काहीच ठरले नसेल तर कोर्टाच्या खर्चाच्या ठरीव दराप्रमाणे फी धरली जाईल. विलायतेत त्या वेळी बॅरिस्टराला फीसाठी दावाच लावता येत नसे. फी ही मानाची दक्षिणा, ती मागून घ्यायची नसते, अशी तिथली परंपरा. आपल्याकडे वकिलाला तो हक्क मिळाला. पण त्याच कायद्यात पुढचेच कलम अशिलाच्या बाजूचे आहे. फी घेऊन काम पत्करले आणि हयगय केली, तर अशिलालाही वकिलावर दावा लावता येईल. घेण्याचा हक्क आला तशी जबाबदारीही आली.

मग आले १९६१ चे साल. तोवर मुखत्यार, प्लीडर, वकील, अ‍ॅडव्होकेट अशा कितीतरी पायऱ्या होत्या. त्या साली अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट झाला आणि हळूहळू सगळ्यांचा एकच वर्ग झाला. धंद्याची शिस्त बार कौन्सिलकडे आली. बार कौन्सिलचे नियम कोणी वाचत नाही, पण ते अशिलासाठी सोन्यासारखे आहेत. त्यातले तीन ध्यानात ठेवा. पहिला, वकिलाने अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवला पाहिजे आणि फीचा पैसा कोणता, खर्चाचा कोणता, हे त्यात वेगळे दिसले पाहिजे. दुसरा, दावा चालू असताना खर्चासाठी दिलेला पैसा अशिलाच्या लेखी संमतीवाचून फीकडे वळवता येत नाही. तिसरा, अशिलाने मागितली तर हिशेबाची नक्कल त्याला दिलीच पाहिजे.

आमच्या काकांचे काय झाले ते आता सांगतो. गुरुजींनी त्यांना एकटे जाऊ दिले नाही आणि रागाने तर मुळीच जाऊ दिले नाही. गावातले दोन पोक्त गृहस्थ घेऊन ते स्वतः गेले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, आपण काम केले, दावा जिंकून दिला, आमची काही तक्रार नाही. पण फी किती, कोर्टाचा खर्च किती, एवढे वेगळे करून द्या." वकीलसाहेब आधी जरा तापले. मग वही काढली. वेगळे करून पाहतात तो मुद्रांक, नकला, नकाशा, कमिशनराचा भत्ता, साक्षीदारांचा भत्ता यांतच बरीच रक्कम गेलेली. ती वकिलाच्या घरात गेलेली नव्हतीच. काही रकमा काकांनी आधी भरल्या होत्या, त्या जमेस धरायच्या राहिल्या होत्या. कारण पावती कोणीच मागितली नव्हती. शेवटी जो आकडा निघाला तो काकांनी दोन हप्त्यांत दिला. परत येताना काका म्हणाले, "गुर्जी, अर्ध भांडण त हिशेबातच मिटलं." बिलाचा वाद म्हणजे वकिलाशी वैर नव्हे. पुष्कळ वेळा तो जमा-खर्चाचा वाद असतो, आणि जमा-खर्च हा दोघांनीही मांडायचा असतो.

पण सगळेच वाद असे गोडीने मिटत नाहीत. न मिटलेल्या वादांतून वरच्या कोर्टांनी जे निवाडे दिले, ते गावोगाव माहीत व्हायला हवेत.

एक निवाडा १९५४ चा. मुंबईच्या एका वकिलाने अशिलाशी करार केला, की दाव्यात जी वसुली होईल तिच्यातला निम्मा हिस्सा मला. सुप्रीम कोर्टाने सांगितले, की वकिलाने दाव्याच्या फळात असा वाटा ठेवणे हे धंद्याच्या नीतीला सोडून आहे. त्या वकिलाची सनद सहा महिन्यांसाठी स्थगित झाली होती.

दुसरा निवाडा २००० सालच्या ऑगस्टमधला. भोपाळच्या एका बँकेने आपल्या वकिलाला कामावरून कमी केले आणि दाव्यांचे कागद परत मागितले. वकिलाने ९७,१०० रुपयांचे बिल पाठवले आणि कळवले, की आधी पैसे, मग कागद. भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. कोर्टाने निक्षून सांगितले, की फी राहिली म्हणून अशिलाचे कागद अडवून ठेवता येणार नाहीत. दुकानदार माल अडवून ठेवील, पण दाव्याचे कागद म्हणजे विकाऊ माल नव्हे. फी येणे असेल तर वकिलाने कायद्याच्या मार्गाने मागावी. कागदावाचून अशिलाचा दावा बुडेल आणि त्याचे नुकसान कधी भरून निघणार नाही. श्रोतेहो, आपल्याकडे सातबारा, फेरफाराची नक्कल, आजोबाच्या वेळचे खरेदीखत असे कागद वकिलाकडे वर्षानुवर्षे पडलेले असतात. ते तुमचे आहेत. ते कोणाकडे गहाण पडत नाहीत.

तिसरा निवाडा ५ डिसेंबर २०१७ चा, तेलंगणातला. एका बाईचा नवरा १९९८ साली अपघातात गेला. नुकसानभरपाईचा दावा वर्षानुवर्षे चालला. रक्कम मिळाल्यावर वकिलाने तिच्यातला हिस्सा फी म्हणून मागितला. दहा लाख रुपये बाईने दिले होते; शिवाय २०१४ साली आणखी तीन लाखांचा धनादेश तिच्याकडून घेतला गेला. खात्यात पैसे नव्हते, धनादेश परत आला, आणि वकिलाने तिच्यावरच फौजदारी लावली. सुप्रीम कोर्टाने ती फौजदारी रद्द केली. भरपाईच्या रकमेत टक्केवारीने फी मागणे हे लोकहिताविरुद्ध आहे आणि वकिलाच्या हातून झालेली ती गैरवर्तणूक आहे, असे कोर्टाने म्हटले. फीवर काही मर्यादा घालण्याचा विचार सरकारने करावा, अशीही सूचना केली.

हा निवाडा आपल्या जिल्ह्याला विशेष लागू पडतो. धरणे झाली, कालवे झाले, रस्ते झाले. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून गेला. जिथे जमीन जाते तिथे मोबदल्याचा प्रश्न येतो, आणि जिथे वाढीव मोबदल्याचा दावा येतो तिथे "आता काही देऊ नका, मिळेल त्यात शेकडा इतके माझे" असे बोलणे निघू शकते. ऐकायला ते गोड लागते. खिशातून आज काही जात नाही ना! पण बापजाद्यांची जमीन एकदाच जाते, आणि तिचा मोबदलाही एकदाच येतो. त्यातला वाटा तोंडी शब्दावर देऊन बसू नका. वकिलाला त्याच्या श्रमाचे पैसे अवश्य द्या, भरपूर द्या. पण ते श्रमाचे द्या, जमिनीतल्या हिश्शाचे नको.

आता कोणी विचारील, बिल पटलेच नाही तर जायचे कुठे? ग्राहक कोर्टाचा रस्ता मोकळा आहे असे बरीच वर्षे मानले जात होते. पण १४ मे २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने निर्णय दिला, की वकिलाच्या सेवेबद्दल ग्राहक कायद्याखाली तक्रार चालणार नाही. तो दरवाजा मिटला. दुसरे दोन उघडे आहेत. आकड्याचा वाद असेल तर दिवाणी कोर्ट; वकिलाने दावा लावला तर तिथे आपली हरकत मांडता येते, जास्त घेतले असेल तर आपणही मागू शकतो. वागणुकीचा प्रश्न असेल, म्हणजे कागद अडवले, हिशेब नाकारला, टक्केवारी मागितली, तर राज्याच्या बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते. महाराष्ट्र आणि गोवा यांची बार कौन्सिल एकच आहे. तिचा निर्णय पटला नाही तर साठ दिवसांत दिल्लीच्या बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तिथून पुढे सुप्रीम कोर्टाकडे जाता येते. आणि ज्याला मुळात फीच परवडत नाही त्याच्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने बायकांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना आणि ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना तिथे वकील फुकट मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फीही परत मिळते.

पण दरवाजे किती आहेत हे मोजत बसण्यापेक्षा त्यांच्यापर्यंत जायची वेळच न आणणे शहाणपणाचे. त्याला काही मोठी विद्या लागत नाही. वकीलपत्रावर सही करण्याआधी विचारावे: साहेब, फी किती, ती कोणत्या कोर्टापर्यंतची, अपील झाले तर वेगळी का, दर पेशीची की साऱ्या दाव्याची? उत्तर एका कागदावर लिहून घ्यावे आणि दोघांनी सही करावी. पैसे द्यावे तेव्हा पावती घ्यावी आणि तिच्यावर 'फी' की 'खर्च' हे लिहून घ्यावे. चांगल्या वकिलाला याचा राग येत नाही; उलट त्याचेही येणे पक्के होते. खेड्यातल्या शिक्षक बंधु-भगिनींना माझी विनंती आहे, की वरच्या वर्गातल्या मुलांना निबंधाबरोबर पावती लिहायला आणि वाचायलाही शिकवा. ज्या घरात एक मूल पावती वाचू शकते, त्या घराला फसवणे अवघड जाते.

शेवटी आपल्या वाशीमचीच एक जुनी गोष्ट सांगतो. वाशीम म्हणजे पूर्वीचे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या घराण्यातील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इथे सापडला आणि १९३९ साली तो प्रसिद्ध झाला. चौथ्या शतकातला, राजाच्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी दिलेला. त्यात एक गाव दान दिले आहे. पण राजा नुसते "दिले" म्हणून थांबला नाही. कोणाला दिले, कोणते कर माफ, सरकारी माणसांनी कुठे पाऊल टाकायचे नाही, असे एकेक कलम तांब्यावर कोरून दिले. आणि त्यातली खुबी अशी, की घराण्याची वंशावळ संस्कृतात आहे. पण जिथे देण्या-घेण्याचा व्यवहार येतो तिथे भाषा प्राकृत आहे, म्हणजे लोकांच्या बोलीजवळची.

दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वी याच गावच्या राजाला कळले होते, की देण्या-घेण्याची गोष्ट लिहून ठेवावी आणि ती दुसऱ्याला समजेल अशा भाषेत लिहावी. आपल्याला तांब्याचा पत्रा नको. वहीचा एक कागद पुरे. वकिलावर विश्वास ठेवा, आणि हिशेब कागदावर ठेवा. "मंग पाहू" असे कोणी म्हटले, तर हसून म्हणा, "साहेब, मंग कायले, आताच पाहू."